एल बिघडते त्या हवेत आंबील जमते

इंग्लिश एल या बिअरच्या यीस्टच्या पाकिटावर साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस असं तापमान छापलेलं असतं. मे महिन्यात खामगावात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हातावर घेववत नाही. पारा ४२-४४ वर असतो आणि रात्री बारा वाजताही भिंतींना हात लावला तर त्या तापलेल्याच लागतात. घरी केलेली एल बिघडली की माणूस कृतीत चूक शोधत बसतो, पण अनेकदा खोड हवेची असते. गंमत अशी, की ज्या हवेत एल बिघडते त्याच हवेत आपल्या वऱ्हाडातली ज्वारीची आंबील सुरेख जमते. म्हणून या लेखात दोघींचाही विचार करू. काय बिघडलं हे नाकाने आणि डोळ्याने कसं ओळखायचं, कुठे दुरुस्ती करता येते आणि कुठे सरळ मोरीत ओतायचं, एवढाच मुद्दा आहे.

आधी कायदा, कारण मोबाइलवर कृती पाहून हुरळून जाणारे पुष्कळ. महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मध्ये ‘घरच्यापुरती थोडीशी’ अशी सवलत नाही. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डुलालीसारख्या ठिकाणी ताजी एल मिळते ती परवाना काढून केलेली. इंग्लंडातही १८८० पासून घरी बिअर करायला परवाना लागत असे. ती अट १९६३ मध्ये उठली आणि मग तिथे हा छंद फोफावला. तेव्हा आपल्याकडून लीड्स-बर्मिंगहॅमला शिकायला किंवा नोकरीला गेलेली पोरं तिथे स्वतःपुरती एल करू शकतात, विकू शकत नाहीत. सुट्टीला घरी येताना त्यांनी तो छंद तिकडेच ठेवून यावा. आणि आंबवलेल्या रसाचा अर्क गाळण्याच्या वाटेला तर कुणीच जाऊ नये. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. तिथे मारलं ते कारखान्यात वापरायच्या मिथेनॉलने, आंबवण्याने नव्हे. पण बेकायदा बाटलीत काय मिसळलं आहे हे पिणाऱ्याला कधीच कळत नाही.

आता इंग्लंडातून व्हिडिओ कॉलवर ‘आई, ही आंबट का झाली गं?’ असं विचारणाऱ्या मुलांसाठी थोडं. एलचं सूत्र अवघड नाही. जवाला मोड आणून ते वाळवायचे, भरडायचे आणि ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे. मोड येताना दाण्यात तयार झालेले पाचक रस पिठाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून त्यात हॉप्स नावाची कडू फुलं घालून तासभर उकळायचं, झटपट गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. उकळी थांबल्यापासून यीस्टचा जम बसेपर्यंतचे काही तास हीच खरी जोखीम असते. गोड, कोमट, कुणाचाच ताबा नसलेलं ते पाणी असतं. जो सूक्ष्मजीव आधी शिरला त्याचं राज्य.

कोण शिरलं ते वास सांगतो. दह्यासारखा आंबट वास आणि आंबट चव आली तर दुधी आम्ल करणारे जिवाणू शिरले. बहुधा नळी, तोटी किंवा ओरखडे पडलेला प्लास्टिकचा डबा त्यांचं घर असतो. घासून धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं नीट झाल्याशिवाय दुसरं होत नाही. ओरखडे पडलेला डबा मात्र कितीही धुतला तरी भरवशाचा नाही, तो बदला. व्हिनेगरचा वास आला तर हवा आत जात होती. नेलपॉलिश किंवा थिनरसारखा उग्र वास आला तर यीस्टला फार ऊब मिळाली. ३० अंशांच्या पुढे एलचं यीस्ट दोन दिवसांत घाईघाईने साखर संपवतं आणि घशाला ओरबाडणारी, डोकं धरवणारी जड अल्कोहोलं मागे ठेवतं. या तिन्ही दोषांवर इलाज नाही. कितीही दिवस मुरवली तरी ती एल सुधारत नाही.

काही वास मात्र घाबरवतात आणि आपणहून जातात. हिरव्या सफरचंदासारखा वास म्हणजे एल अजून कच्ची आहे, थांबा. लोण्याचा किंवा टॉफीचा वास म्हणजे यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. तिला दोन-तीन दिवस किंचित उबेत, २०-२२ अंशांवर राहू द्या, यीस्ट तो वास स्वतःच पचवतं. उकडलेल्या अंड्याचा वासही बऱ्याचदा आठवड्याभरात उडून जातो. औषधाच्या पट्टीसारखा वास आला तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर संशय घ्या आणि पुढच्या वेळी पाणी आधी उकळून गार करून वापरा. पांढऱ्या किंवा हिरव्या काचेची बाटली उन्हात राहिली तर हॉप्समधल्या कडू द्रव्यांना ऊन लागून घाणेरडा वास येतो. बाटली तपकिरी हवी आणि जागा अंधाराची हवी.

चवीपेक्षा जिवाला जपायचं ते बाटलीत भरताना. साध्या इंग्लिश एलची घनता सुरुवातीला १.०४५च्या आसपास असते आणि उतरत १.०१०-१.०१२ वर येऊन थांबते. ‘बुडबुडे थांबले’ हा पुरावा नव्हे. घनतामापकाने तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, आकडा हलला नाही तरच बाटल्या भरा. फेस यावा म्हणून वरून घालायची साखर लिटरला ४ ते ६ ग्रॅम, तीही वजन करून घ्यायची, चमच्याने अंदाजे नव्हे. साखर उरलेली असताना बूच घट्ट बसवलं तर वायू कोंडून बाटली फुटते आणि काचा डोळ्यांत जातात. हा इशारा इथल्या घरांनाही तितकाच लागू आहे. उन्हाळ्यात कैरीच्या पन्ह्याची किंवा आल्या-लिंबाच्या पाकाची बाटली दोन दिवस बाहेर राहून फसफसली, की तिच्यातही तेच घडत असतं. अशी बाटली अंगणात नेऊन, ओला फडका गुंडाळून, तोंड दुसरीकडे करून हळूहळू उघडा. आतलं पेय ओतून द्या. पाक फार पातळ झाला, ओला चमचा गेला किंवा बाटली ओलसर होती, यातलं काहीतरी एक झालेलं असतं.

इंग्रजांनाही हे शहाणपण सहज आलेलं नाही. १८७१ मध्ये लुई पाश्चर लंडनच्या चिझवेल स्ट्रीटवरच्या व्हिटब्रेड या नामांकित ब्रुअरीत गेला आणि तिथलं यीस्ट त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. यीस्टच्या गोल पेशींच्या गर्दीत नको ते जिवाणू दिसले. मालकमंडळींनी लगेच स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ मध्ये आला आणि बिअरचा प्रत्येक ‘आजार’ कुठल्या ना कुठल्या बाहेरच्या जिवामुळे होतो हे त्याने त्यात दाखवलं. मोठ्या कारखान्याचा घोटाळा साधा होता. एका घाण्याचं यीस्ट पुढच्या घाण्याला, त्याचं त्याच्या पुढच्या घाण्याला, असं चालत आलेलं विरजण हळूहळू भेसळलं होतं.

आपल्या घरातही विरजण असंच चालतं. दह्याचं, इडलीच्या पिठात घालायचं उरलेलं पीठ, आंबिलीसाठी ठेवलेली कालची वाटी. दही तारेसारखं ओढलं जाऊ लागलं, पाणी फार सुटू लागलं किंवा आंबटपणाखाली कडवट चव यायला लागली, की ते विरजण सुधारण्याची खटपट करू नका. ज्यांच्या घरचं दही गोड लागतं त्यांच्याकडून वाटीभर मागून आणा. गल्लीत विरजण मागायला लाज कसली?

भारतात आलेल्या इंग्रजांनी उष्ण मैदानात एल करण्याचा हट्ट फारसा धरला नाही. लंडनच्या हॉजसनसारख्या ब्रुअरीची पेल एल जहाजात चार-सहा महिने हेलकावे खात इकडे येई. देशी उत्पादनाला एडवर्ड डायरने १८५०च्या दशकात सुरुवात केली तीही कसौलीच्या थंडीत. वऱ्हाडातला कापूस न्यायला त्यांनी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आणला, पण बिअर करायला मात्र ते हिमालय चढले होते. त्यांचं चुकलं नाही. जी हवा आहे तिच्यात जे जमतं ते करावं.

आणि इथे जमते आंबील. एल बिघडवणारे दुधी आम्लाचे जिवाणू हेच आंबिलीचे कारागीर आहेत. त्यांना ३० ते ४० अंशांची ऊब मानवते. ते इतक्या वेगाने आम्ल तयार करतात, की रोग करणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना वाढायला जागाच उरत नाही.

चार-पाच माणसांसाठी वाटीभर ज्वारीचं पीठ घ्या. ताजं दळलेलं असेल तर उत्तम, कारण जुन्या पिठाला कडसर वास येतो. त्यात वाटीभर ताजं ताक आणि वाटीभर उकळून गार केलेलं पाणी घालून गुठळी न ठेवता कालवा. भांडं मातीचं, चिनी मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम, तांबं आणि कल्हई उडालेलं पितळ नको, आम्ल धातू सोडवतं. (खामगाव चांदीचं गाव आहे, तेव्हा सांगून ठेवतो: पेला चांदीचा चालेल, आंबवायला भांडं चांदीचं नको.) वरून सुती फडकं बांधा, झाकण घट्ट लावू नका. एप्रिल-मेमध्ये सहा ते आठ तास पुरतात, म्हणून रात्री कालवून पहाटे शिजवायची. डिसेंबरात रात्रीचा पारा १०-१२ पर्यंत उतरतो, तेव्हा चौदा-सोळा तास लागतात आणि भांडं गोधडीत गुंडाळून ठेवावं लागतं.

सकाळी झाकण काढल्यावर वर निवळ पाणी, खाली बसलेलं पीठ, थोडे बुडबुडे आणि ताकाचा स्वच्छ वास असावा. चार वाट्या पाण्याला उकळी आणा, त्यात मीठ, ठेचलेला लसूण आणि जिरं टाका. मग कालवलेलं पीठ एका हाताने धार धरून सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. दहा-बारा मिनिटं नीट शिजू द्या. पूर्ण गार झाल्यावरच ताक घाला, नाहीतर ते फाटतं. शिजलेली आंबील उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवा. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि कोमट, शिजलेल्या पिठात पुन्हा वाढू लागतात.

बिघाडातला सर्वांत सोपा म्हणजे फार आंबणं. रात्री लवकर कालवली, सकाळी उशीर झाला, तोंड वाकडं होईल इतकी आंबट झाली. वरचं निवळ पाणी अलगद ओतून टाका, तेवढंच ताजं पाणी घाला, ढवळा, अर्धा तास बसू द्या आणि पुन्हा वरचं पाणी काढा. पुष्कळसं आम्ल त्या पाण्याबरोबर निघून जातं. शिजवल्यावर शेवटचं ताक घालू नका, झालं. खायचा सोडा टाकून आंबटपणा मारणारे आहेत. सोडा घालून पीठ पुन्हा तासन्‌तास बाहेर ठेवलं तर ज्या आम्लाने ते राखलं होतं तेच तुम्ही काढून घेतलं. घालायचाच असेल तर चिमूटभर, तव्यावर किंवा भांड्यात जाण्याच्या क्षणी घाला. उलट पीठ आंबलंच नाही, तर ताक जुनं किंवा फ्रीजमधलं थंडगार असेल. दोन चमचे ताजं ताक घालून आणखी चार तास द्या.

ज्यात हात घालायचा नाही असे बिघाड वेगळे. चमचा उचलल्यावर तार सुटली, गुलाबी-नारिंगी डाग पडले, हिरवी-काळी लव आली किंवा कुजल्याचा वास आला, तर ओतून द्या. वरचा डाग काढून खालचं वापरू नका. पातळ पिठात बुरशीचे धागे डोळ्याला दिसतात त्याहून बरेच खोल गेलेले असतात आणि तिची काही विषं शिजवल्याने नष्ट होत नाहीत. गाजर-बिटाच्या कांजीवर मात्र कधी कधी सपाट, पांढरी, सुरकुतलेली साय येते. ती जंगली यीस्टची असते, बुरशीची नव्हे. ती काढून टाकता येते, पण चव उतरते. लव उभी असेल किंवा रंगीत असेल, तर ती बुरशीच समजा. कांजीत मीठ पाणी आणि भाज्यांच्या वजनाच्या दोन-अडीच टक्के ठेवा आणि फोडी पाण्याखाली दाबून ठेवा. वर तरंगणारी फोडच आधी बिघडते.

कुरडयांचा चीक हा याच घराण्यातला, पण जास्त हट्टी. बहुतेक घरांत गहू तीन दिवस भिजवायचा असं ठरलेलं आहे. ते गणित थंड दिवसांचं असावं असं मला वाटतं. ४२ अंशांत दोन दिवसांतच गहू चिमटीत दाबला की पांढरा चीक बाहेर येतो. तो आला की दिवस मोजत बसू नका, वाटायला घ्या. पाणी दिवसातून एकदा नव्हे, सकाळ-संध्याकाळ बदला. गव्हाला आंबूस वास येणं ठीक आहे, पण नाक मागे घ्यायला लावणारा वास ठीक नाही. वाटून गाळल्यावर चीक पाच-सहा तास बसू द्या आणि वरचं पिवळसर पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढा. कुरडई तांबूस होते किंवा तळल्यावर आंबट लागते, त्याचं मूळ बरेचदा या न काढलेल्या पाण्यात असतं. चीक पहाटे शिजवून सूर्य वर येईपर्यंत कुरडया पसरलेल्या असाव्यात. आभाळ आलं असेल तर गहू वाटूच नका, भिजलेला गहू निथळून फ्रीजमध्ये एक दिवस तग धरतो. अर्धवट वाळलेली कुरडई घरात घ्यावी लागली तर पंख्याखाली एकेक सुटी पसरा, एकावर एक रचू नका.

आंबण्याचा वेग आवरायला भांडं गार ठेवायचं तर वऱ्हाडात प्रत्येक घरी साधन आहेच: कूलर. परातीत दोन बोटं पाणी घ्या, त्यात भांडं ठेवा, भोवती ओलं पोतं गुंडाळून त्याची टोकं पाण्यात सोडा आणि परात कूलरच्या झोताच्या बाजूला ठेवा. अगदी समोर नको, धूळ येते. कोरड्या हवेत पाणी उडताना ऊब घेऊन जातं आणि भांडं खोलीपेक्षा बरंच गार राहतं.

ज्वारीबद्दल दोन गोष्टी निक्षून सांगायच्या आहेत. पहिली, जव मिळत नाही म्हणून ज्वारीला मोड आणून काही करून पाहण्याचा मोह. शेतकऱ्याला किरळ लागणं सांगायला नको, कोवळी ज्वारी खाऊन जनावर तडफडतं. तेच सायनाइड देणारं द्रव्य मोडाच्या कोंबात आणि मुळ्यांत तयार होतं. आफ्रिकेत मोडाच्या ज्वारीची पेयं होतात, पण तिथे मोड वाळवून आणि उघड्या भांड्यात शिजवून. मोड आलेली ज्वारी कच्ची वाटून पेयात घालू नका, मुलांना तर मुळीच देऊ नका. आंबिलीला मोडाची गरजच नाही. दुसरी, पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी. आपली खरिपाची ज्वारी दाणे भरताना परतीच्या पावसात भिजते आणि कणसावरच बुरशी धरते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत अशीच भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली होती. कारण होतं फ्युमोनिसिन हे बुरशीचं विष. स्वस्त मिळाली म्हणून काळपट ज्वारी आंबिलीसाठी दळू नका, ‘आंबवल्यावर सगळं मरतं’ हा समज खोटा आहे.

मृग लागला की वरची सगळी वेळापत्रकं बदला. पारा उतरतो, पण हवा ओली होते. ओलं पोतं मग गार करत नाही, उलट त्याच्यावरच बुरशी धरते, ते काढून टाका. आंबिलीला आठाऐवजी दहा तास द्या, फडकं रोज उकळत्या पाण्यातून काढून वाळवा आणि पिठाचा डबा ओट्यावरून हलवून कोरड्या जागी न्या. कांजीची बरणी जुलै-ऑगस्टमध्ये भरू नका, तिला ऑक्टोबरपर्यंत वाट पाहू द्या.